दोनच पेग म्हणजे नक्की किती?

नमस्कार मंडळी. बोर्डावर विषय लिहिलाय, दारूच्या सवयी आणि मधुमेहाचा धोका. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे आणि माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर परमिट रूम आहे, त्यामुळे संध्याकाळी सातला जो माणूस माझ्याकडून मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरच्या गोळीची, स्ट्रिप नेतो तोच साडेसातला रस्ता ओलांडताना मला दिसतो. तो वाईट माणूस नसतो हो. दिवसभर राबलेला असतो, घरी दोन पोरं असतात, गोळी कधी चुकवत नाही. त्याच्यासाठीच मला आज बोलायचंय.

तर आधी ते फॉरवर्ड. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांना आलेलं असणार, हात वर करा बघू... बघा! "आठवड्यातून तीन-चार दिवस प्या, डायबिटीस टाळा." हे कुणी मनाने रचलेलं नाही, त्यामागे खरा पेपर आहे. जुलै २०१७ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी डायबेटॉलॉजिया नावाच्या जर्नलमध्ये छापला. सत्तर हजारांवर माणसांना २००७-०८ मध्ये विचारलं की काय पिता, किती पिता, किती दिवस पिता, आणि मग साधारण पाच वर्षं त्यांची नोंद ठेवली. आठवड्यातून एक दिवसही न पिणाऱ्यांच्या तुलनेत तीन-चार दिवस पिणाऱ्या पुरुषांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २७ टक्के कमी आणि बायकांमध्ये ३२ टक्के कमी दिसलं. आकडे खरे आहेत. पण फॉरवर्ड करणाऱ्याने एक गोष्ट गाळली, आणि माझा सगळा राग त्या एका गोष्टीवर आहे. माप!

आता आमच्या साडूंची गोष्ट सांगतो, त्यांना विचारूनच सांगतोय. हे फॉरवर्ड मला पहिल्यांदा त्यांनीच पाठवलं, खाली लिहिलं होतं, "बघा, आम्ही बरोबर होतो." त्यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट, तेव्हा ६.१, म्हणजे मधुमेहाच्या बॉर्डरला. बायको काळजीत, आणि हे म्हणतात मी दोनच पेग घेतो, चार दिवस, अगदी पेपरात लिहिलंय तस्संच. मी वाद घातला नाही. रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो, जाताना दुकानातला मापाचा १०० एमएलचा सिलिंडर पिशवीत टाकला. चहा झाल्यावर म्हटलं, भाऊ, तुमचा नेहमीचा ग्लास आणा आणि व्हिस्कीची रिकामी बाटली असेल तर तिच्यात पाणी भरून आणा. त्यांनी आणलं. म्हटलं आता रोज ओतता तसा पहिला पेग ओता, माझ्याकडे बघू नका, टीव्हीकडे बघत ओता. त्यांनी ओतला. मग दुसरा, दुसऱ्या ग्लासात. दोन्ही मी एकेक करून सिलिंडरमध्ये मोजले. पहिला ९५. दुसरा १००, अगदी काठोकाठ. वहिनी ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या, त्यांचं लाटणं थांबलं.

साडू म्हणाले, "मग ह्याला दोनच म्हणायचं की नाही?"

मंडळी, ह्या प्रश्नासाठीच मी आज इथे आलोय. आपल्याकडे लार्ज म्हणजे ६० एमएल. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, त्या हिशोबाने एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. डेन्मार्कच्या पेपरात एक ड्रिंक म्हणजे १२ ग्रॅम, ३३० एमएलची साधी बिअर एवढं. साडूंचे "दोनच" म्हणजे १९५ एमएल, क्वार्टरपेक्षा जास्त, ६६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्यांचे साडेपाच ड्रिंक. चार दिवसांचे झाले बावीस. त्या पेपरात पुरुषांचा धोका सगळ्यात कमी दिसला तो आठवड्याला १४ ड्रिंकवर, म्हणजे आपले जेमतेम आठ लार्ज, अख्ख्या आठवड्याचे! साडूंचा हा कोटा तिसऱ्या बैठकीतच संपत होता. आणि ६५० एमएलची स्ट्राँग बिअर घेणारे हसू नका, आठ टक्केवाली एक बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या पुढे, तुमचे साडेतीन ड्रिंक तिथेच झाले.

त्या दिवसापासून साडू मोजून ओततात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी छोट्या अक्षरात एमएल लिहितात. कधी ६०, कधी १२०, बरेच दिवस काहीच नाही. सोडली नाही अजून. पण लिहितात.

दुसरं आपल्याकडचं म्हणजे वार पाळणं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, मध्ये संकष्टी आली, मग शनिवारी सगळं एकदम. गटारीला तर श्रावणाचा अख्खा बॅकलॉग आधीच भरून काढायचा. श्रद्धेला माझं काही म्हणणं नाही, मीही गुरुवार करतो. पण शरीर आठवड्याची सरासरी काढत बसत नाही. डेन्मार्कच्या लोकांना एकदम भरपूर पिण्याबद्दल ठोस काही सांगता आलं नाही कारण तसं पिणारे त्यांच्याकडे फार थोडे निघाले, आणि आपल्याकडे शनिवारी रात्री माझ्या दुकानासमोर उभं राहून बघा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. अरे बापरे, मुख्य विषय राहिलाच, भराभर सांगतो.

एक, कमी धोका दिसला म्हणजे दारूने वाचवलं असं नव्हे. न पिणाऱ्यांत आजारी पडून सोडलेलेही येतात, म्हणून त्यांच्याशेजारी पिणारे उगाच ठणठणीत दिसतात, हे शेपर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९८८ मध्येच दाखवलं होतं. २०१५ मध्ये ३८ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो फायदा बायका आणि आशियाबाहेरचे लोक एवढ्यांपुरताच असावा असं दिसलं. आपण आशियातले. आणि त्याच डेन्मार्कच्या पेपरात आठवड्याला सात किंवा जास्त ड्रिंक हार्ड घेणाऱ्या बायकांमध्ये धोका ८३ टक्के जास्त होता, हे कुणी फॉरवर्ड केलं नाही. देशात १० कोटींवर मधुमेही आहेत, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२३ मध्ये आलेला अभ्यास आहे.

दोन, एक ग्रॅम अल्कोहोल म्हणजे सात कॅलरी. एक क्वार्टर चारशेच्या वर, चखणा वेगळा, वरून कोल्ड्रिंक घातलं तर साखर वेगळी. पोट सुटतं, लिव्हरला चरबी धरते, इन्सुलिनचं काम अडतं. वर्षानुवर्षं जास्त पिण्याने स्वादुपिंडाला सूज येते, आणि इन्सुलिन तयार होतं तिथेच.

तीन, आणि हे ज्यांना शुगर आहे त्यांनी कान देऊन ऐका. जेवण नसतं तेव्हा लिव्हर रक्तात साखर सोडतं. दारू पोटात गेली की लिव्हर तिच्या मागे लागतं आणि ते काम मागे पडतं. ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतलंय आणि उपाशीपोटी प्यायलात तर शुगर धाडकन खाली येऊ शकते, कधी कधी मध्यरात्रीनंतर. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, आणि घरच्यांना वाटतं चढलीय, झोपू दे. झोपू देऊ नका हो! ग्लुकोमीटरने बघा. शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना. मेटफॉर्मिनवर असून खूप पिणाऱ्यांनी डॉक्टरांना खरं सांगा. "ऑकेजनली" म्हणू नका, एमएल सांगा.

बास, वेळ संपली. सिलिंडर आणलाय, तो बघा टेबलावर, शेजारी स्टीलचे, काचेचे ग्लास आणि पाण्याची बाटली आहे. चहाच्या वेळात ज्याला बघायचंय त्याने आपला पेग ओतावा, आकडा मी कुणाला सांगणार नाही.