रंगाखालची चांदी

[चार्जरच्या भोकाचा क्लोजअप]

हा जो चमकणारा ठिपका दिसतोय ना, ज्वारीच्या दाण्याएवढा, तोच आपला आजचा हिरो. लॅपटॉप माझाच आहे, गडद निळा, कुठल्या कंपनीचा ते सोडा. घेऊन नऊ महिने झालेत आणि एकदाही पडला नाही. लाईट गेल्यावर अंधारात चाचपडत चार्जरची पिन लावली, पिन कडेला घासली, परत घासली, एवढंच त्याच्यासोबत घडलं. दुकानात नेला तर तो म्हणाला कलर उडालाय. मला तवापासून हा शब्द खटकायलाय, कारण वरून कलर मारलेलाच नाही तर उडेल कसा?

[मल्टिमीटर]

हे बघा. मीटरच्या दोन्ही काड्या निळ्या भागावर ठेवल्या, आवाज नाही. आता एक काडी त्या ठिपक्यावर आणि दुसरी आतल्या स्क्रूवर. बीप! म्हणजे निळ्या भागातून करंट जात नाही आणि ठिपक्यातून जातो. लॅपटॉप अख्खा ॲल्युमिनियमचा, मग निळ्यातून का जात नाही? हे विचारायला आम्ही गेलो वाळूजला.

[शेड, टाक्या, वाफ]

संभाजीनगरजवळची वाळूज एमआयडीसी म्हणलं की लोकांना गाड्यांचे कारखाने आठवतात. पण त्या कारखान्यांच्या मागच्या गल्ल्यांत जॉबवर्कच्या लहान लहान शेड आहेत, कुठं पावडर कोटिंग, कुठं प्लेटिंग, आणि ही एक ॲनोडायझिंगची, म्हणजे करंट देऊन ॲल्युमिनियमवर त्याचाच थर वाढवायची. इथं लॅपटॉप येत नाहीत, हँडल येतात, नॉब येतात, मशीनच्या पट्ट्या येतात, पण लॅपटॉपच्या बॉडीवर जे होतं ते मुळात हेच. शेडमधले काका तीस वर्षं या टाक्यांपाशी उभे आहेत.

आधी माल कॉस्टिक सोड्याच्या टाकीत, तिथं फेस येतो बघा, वरची कातडी निघते आणि चमक जाऊन मॅट होतं. मग पाणी. मग नायट्रिक ॲसिड, कारण कॉस्टिकमधून माल काळपट होऊन निघतो, ती काजळी इथं उतरते. परत पाणी. (पाण्याच्या टाक्याच जास्त आहेत इथं, आणि ज्या भागात उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळावं लागतं तिथं हे बघताना पोटात कसंतरी होतं, असो.) मग मुख्य टाकी, सल्फ्युरिक ॲसिडची. माल जिगला, म्हणजे माल धरून ठेवणाऱ्या चौकटीला, टांगून पॉझिटिव्हला जोडतात, रेक्टिफायर (एसीचा डीसी करंट करणारं मशीन) चालू, १२ ते २० व्होल्ट. आणि आता बघत बसायचं, कारण दिसत काहीच नाही! बारीक बुडबुडे फक्त. पण तिथं ॲल्युमिनियम स्वतःचीच खपली धरायलंय. वरून काही चढत नाही, धातूचाच ऑक्साइड होतो, अर्धाअधिक थर तर मूळ पृष्ठभागाच्या आतच तयार होतो. हा थर करंट जाऊ देत नाही, म्हणून मघाशी मीटर गप्प होतं.

या थराला भोकं असतात, केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक, मधाच्या पोळ्यासारखी शेजारी शेजारी. माल डायच्या, म्हणजे रंगाच्या, टाकीत गेला की रंग त्या भोकांत उतरतो. बघा हा शॉट, आम्ही तीनदा घेतला. चांदीसारखी पट्टी आत गेली आणि निळी होऊन वर आली. पण काका म्हणतात, "अजून कच्चा आहे भाऊ, हात लावू नका." शेवटची टाकी जवळजवळ उकळत्या पाण्याची, तिथं भोकांची तोंडं फुगून बंद होतात आणि रंग आत कोंडला जातो. याला सीलिंग म्हणतात. सील नीट झालं नसेल तर नंतर घाम, चहा, हळदीचा हात, सगळं त्या भोकांत शिरतं.

मे महिन्यात इथं चिलर, म्हणजे टाकी थंड ठेवणारं मशीन, रडतो म्हणे. ॲसिडची टाकी विसेक डिग्रीला ठेवावी लागते आणि बाहेर बेचाळीस, त्रेचाळीस. टाकी तापली की ॲसिड तोच थर खायला लागतं आणि माल भुसभुशीत निघतो, बोट फिरवलं की पांढरी पूड. उलट टाकी शून्याजवळ थंड ठेवली तर थर जाड आणि कडक होतो, घरातली हार्ड ॲनोडाइज्ड कढई तशीच बनते. मग लॅपटॉपला तसं का करत नाहीत? कारण तो जाड थर मुळातच करडा काळपट येतो, त्यात गुलाबी, सोनेरी, आकाशी असले रंग खुलत नाहीत.

[मायक्रॉनचा तक्ता, भिंतीवरचा]

हा तक्ता नीट बघा. खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनला सुद्धा थराची जाडी ऑर्डरमध्ये लिहून देतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १० मायक्रॉन, १५ मायक्रॉन, २५ मायक्रॉन. भारतीय मानक आहे त्याला, आयएस १८६८. बाथरूमच्या खिडकीचं माप लिहून मिळतं आणि लाखाच्या लॅपटॉपच्या खोक्यावर रॅम लिहितात, बॅटरी लिहितात, रंगाचं तर झकास नाव लिहितात, पण मायक्रॉन? आम्ही घरातली तीन खोकी उलटीपालटी करून बघितली, एकावरही नाही. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या आपण कशावर भाळतो.

आणि कडेलाच का उडतो? पावसानंतर काळ्या रानाला खपली येते तसं आहे हे. वरून कडक, पाय दिला की खाली मऊ. ऑक्साइड कडक असला तरी त्याखालचं ॲल्युमिनियम मऊच, पिनचा दणका बसला की खालचं दबतं आणि वरचं फुटतं. त्यात धारदार कोपऱ्यावर थर दोन दिशांनी वाढतो, मधे फट राहते, दुमडलेल्या भाकरीला पडते तशी. ॲपलचा २०२२ चा एम२ मॅकबुक एअर, मिडनाइट रंगातला, याच टवक्यांनी आणि बोटांच्या ठशांनी गाजला होता. २०२४ च्या एम३ एअरला मिडनाइटमध्ये ठसे कमी उठावेत म्हणून वेगळं सील दिल्याचं कंपनीने सांगितलं. ठसे बरं का, टवके नाही.

[सेवा केंद्र, पीकविम्याची गर्दी]

हे एका गावातलं सेवा केंद्र. सातबारा, पीकविमा, दाखले, सकाळपासून रांग. इथला लॅपटॉपही चंदेरीच दिसतो, पण जिथं मनगट टेकतं तिथं खालून काळं निघालंय. म्हणजे हा प्लास्टिकचा, वरून चंदेरी पेंट. ओळखायला सोपं आहे, ओरखड्यातून चांदी निघाली तर सहसा धातू, काळं निघालं तर सहसा प्लास्टिक. केंद्र चालवणाऱ्या ताईंच्या हातात बांगड्या आहेत, त्यांच्या खुणा डावीकडं जास्त, कारण उजवा हात माऊसवर. एंटरचं बटण तेल लावल्यासारखं चमकायलंय, ते तेल नाही, बटणाचा खरखरीतपणा घासून सपाट झालाय. ए आणि एस कधीच गेले, "लागत नाहीत मला अक्षरं," असं म्हणून त्या पुढचा फॉर्म उघडतात.

[अभ्यासिका, सॅक]

लातूर. एका सॅकमध्ये लॅपटॉप, स्टीलचा डबा, किल्ल्या, आणि तळाला रस्त्याची धूळ. धुळीत वाळूचे कण असतात, काचेपेक्षा कडक. कोरड्या फडक्यानं पुसलं की ती धूळ पॉलिशपेपर होते. आधी फुंकर, मग ओलसर कपडा. कपड्याच्या सोड्यानं अजिबात नाही, सोडा तो थरच खातो.

बाकी ओरखड्यांना वॉरंटी नसते आणि विकताना भाव पडतो, ते तुम्हाला माहीतच आहे.

[परत शेड, संध्याकाळ]

निघताना काकांना माझा लॅपटॉप दाखवला. त्यांनी टवक्याकडं बघितलंच नाही. मागचं झाकण उघडायला लावलं, ते उलटं करून उजेडात धरलं, आणि आतल्या कोपऱ्यात नख टेकवलं. टाचणीच्या डोक्याएवढी जागा, रंग न चढलेली.

"हे बघा," म्हणाले, "जिगला इथं धरला होता."