‘ठाणे’ किती बाइटांचं?

मंडळी, नमस्कार. समोर पडद्यावर नोटपॅड उघडलंय. त्यात मी एकच शब्द टाइप करते, ठाणे. पुढे स्पेस नाही, पूर्णविरामही नाही. फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह केली आणि आता तिच्या प्रॉपर्टीज बघू. साइज, १२ बाइट.

‘किती बाइट होतील?’ असं विचारल्यावर तुमच्यातून कुणी ‘दोन’ म्हणालं, कुणी ‘चार’. दोन्ही उत्तरांना आधार आहे. आपण वाचतो ती अक्षरं दोनच. संगणकाच्या लेखी मात्र ते चार तुकडे आहेत, ठ, काना, ण आणि मात्रा. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकानं देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा क्रमांक दिलाय, आणि यूटीएफ-८ पद्धतीत तो क्रमांक लिहायला तीन बाइट लागतात. तीन चोक बारा. नुसता ‘ठ’ फाइलमध्ये २२४, १६४, १६० असा बसलेला असतो. ‘ण’चे पहिले दोन आकडे तेच, फक्त शेवटचा १६३.

यातला कुठलाही आकडा २५५च्या पुढे जात नाही, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक, तिसरं काही नाही. आठ बिट मिळून २५६ वेगवेगळे आकडे लिहिता येतात, ० ते २५५. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनननं १९४८च्या आपल्या निबंधात ‘बिट’ हा शब्द छापला आणि तो जॉन टुकी या गणितज्ञानं सुचवल्याचं तिथंच नमूद केलं. आठाचा बाइट काही पहिल्यापासून ठरलेला नव्हता. सहा बिटांत अक्षर बसवणारी यंत्रंही होती. आयबीएमची ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका १९६४मध्ये आली आणि त्यानंतर आठ हाच आकडा रूढ होत गेला.

आता ज्या प्रश्नावर लोक खरोखर चिडतात, तिकडे वळू. एक टीबीची, म्हणजे टेराबाइटची, हार्ड डिस्क आणली, विंडोजला जोडली, तर दिसतात ९३१ जीबी, म्हणजे गिगाबाइट. ‘६९ जीबी कुणी खाल्ले?’ दुकानदारानं फसवलं असं वाटतं. मला हा गैरसमज मनापासून दूर करायचाय, कारण इथं जागा कुणीच खाल्लेली नाही.

मेमरीच्या चिपमधल्या एकेका घराला पत्ता लागतो आणि तो पत्ता तारांवरून जातो. एका तारेवर दोन पत्ते, दोन तारांवर चार, तीनवर आठ. दहा तारा झाल्या की १०२४. हा आकडा हजाराच्या इतका जवळ होता की लोक त्यालाच ‘किलो’ म्हणू लागले. रॅमच्या, म्हणजे या मेमरीच्या बाबतीत ते सोयीचं होतं. पण डिस्कवर हजाराच्या पटीत मोजायला काहीच आडकाठी नाही, आणि डिस्क बनवणारे तसंच मोजतात. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, टेरा म्हणजे एक लाख कोटी. मीटर-ग्रॅमला लावतो तोच अर्थ. विंडोज मात्र दर पायरीला १०२४नं भागतं आणि तरीही पुढे ‘जीबी’च लिहितं.

किलोच्या पायरीवर हा फरक २.४ टक्के असतो. प्रत्येक पायरीला तो वाढत जातो आणि टेरापर्यंत जवळजवळ १० टक्के होतो. म्हणून जुन्या छोट्या डिस्कच्या वेळी कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही, ते आज खटकतं. घरी गेल्यावर एक करा. डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘जीबी’च्या शेजारी बाइटांचा पूर्ण आकडा असतो, तो बघा. एक टीबीच्या बऱ्याच डिस्कची मूळ क्षमता १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट असते. म्हणजे कबूल केलेल्या लाख कोटींहून वीस कोटी जास्तच. फाइलींच्या मांडणीत थोडे इकडेतिकडे होतात, तेवढंच.

यावर १९९८मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं तोडगा काढला. १०२४च्या हिशेबाला किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. लिनक्स या संगणक प्रणालीवर ती बऱ्याच ठिकाणी दिसतात. ॲपलनं २००९पासून मॅकवर सरळ हजाराचाच हिशेब धरला. विंडोज जुन्याच वाटेवर आहे, आणि माझ्या मते हे चूक आहे. मोजा कसंही, पण एककाचं नाव खरं लिहा. गोंधळाची कमाल बघायची तर १.४४ एमबीची (मेगाबाइटची) जुनी फ्लॉपी डिस्क घ्या. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावायचे. हा आकडा हजाराच्या हिशेबात बसत नाही आणि १०२४च्याही नाही. तो १.४४ गुणिले १००० गुणिले १०२४ आहे! दोन्ही हिशेब एकाच लेबलवर.

नेटच्या स्पीडचं थोडक्यात सांगते. १०० एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा आहे, बाइटचा नाही, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठनं भागा, सेकंदाला १२.५ एमबी. एक जीबीची फाइल यायला लाइन उत्तम चालली तरी ८० सेकंद लागणार.

पुन्हा आपल्या बारा बाइटांकडे येते. रोमन लिपीत ‘ठाणे’ (Thane) पाच बाइटांत मावतं, अक्षराला एक बाइट. मग मराठीला हा भुर्दंड कशाला? १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात एका तुकड्याला एकच बाइट होता. पण २५६ जागांत सगळ्या लिपी मावणार कशा? म्हणून मराठीचा ‘क’ आणि बंगालीचा ‘क’ यांना एकच क्रमांक होता, लिपी कोणती ते निराळं सांगावं लागे. तीन बाइट देऊन आपण प्रत्येक लिपीला तिची स्वतःची जागा मिळवलीय.

एसएमएसमध्ये मात्र खरंच तोटा व्हायचा. एका संदेशात १४० बाइट. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत बसवून १६० मावत, देवनागरीचा तुकडा तिथल्या वेगळ्या पद्धतीत सोळा बिटांचा, म्हणून फक्त ७०. संदेशाला पैसे पडत होते तेव्हा मराठी रोमनमध्ये लिहिण्याला कारण होतं. आज ते उरलेलं नाही. सोसायटीची ‘उद्या पाणी येणार नाही’ ही नोटीस आपण कागदावर लिहितो, फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. मूळ फोटो सहज ३ एमबीचा. तीच पाचशे तुकड्यांची नोटीस मराठीत टाइप केली तर दीड केबी (किलोबाइट), म्हणजे दोन हजारपट लहान. शिवाय टाइप केलेला मजकूर महिन्यानंतरही ‘पाणी’ शोधलं की सापडतो, आणि ज्या आजींना बारीक दिसत नाही त्यांना तो मोठा करून वाचता येतो.