वजनाचं उसनं ध्येय

श्रोतेहो, नमस्कार.

कुणी मला सांगितलं की वजन कमी करायचंय, तर मी विचारते, किती? उत्तर तयार असतं. दहा किलो, बारा किलो. मग मी विचारते, हा आकडा आला कुठून? इथे मात्र बहुतेक जण थबकतात. हळूहळू उलगडा होतो. बहिणीचं वजन तेवढं आहे. ऑफिसातल्या कुणीतरी तेवढं उतरवलंय. मोबाइलवर रोज दिसणारी कुणी एक तेवढी बारीक आहे. आपल्या रक्तातल्या साखरेशी किंवा आपल्या गुडघ्यांशी नातं असलेला आकडा फार थोड्यांकडे असतो. बाकीच्यांचं ध्येय उसनं असतं, आणि माझ्या मते निम्मी हार तिथेच ठरून जाते.

तुलना करणं हा काही दुर्गुण नाही. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये हे फार स्पष्ट मांडलं. आपण कसे आहोत हे मोजायला पक्कं माप हाताशी नसलं की माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच माणसाशी. म्हणून ऑलिंपिकमधल्या धावपटूचं पोट बघून आपल्याला काही वाटत नाही, पण शाळेतल्या मैत्रिणीचा फोटो बघून दिवसभर रुखरुख लागते. मोबाइलनं नेमकं इथेच बोट ठेवलंय. तिथली माणसं आपल्यासारखीच वाटतात. पण तो फोटो अनेकांतून निवडलेला असतो, उजेड बघून, पोट आत ओढून काढलेला असतो. आपण मात्र तो शेजारी ठेवतो आपल्या सकाळच्या आरशातल्या रूपाच्या.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको दोघांनी एकाच दिवशी ठरवलं, चालायला जायचं आणि जेवण थोडं कमी करायचं. दोघं एकत्र चालतात, एकत्र जेवतात. महिन्याभरात त्याचा पट्टा एक भोक आत गेला, काटा चार किलो खाली आला. तिचा काटा जेमतेम दीड किलो हलला. ती मनात म्हणते, माझंच काहीतरी चुकतंय. रात्रीचं जेवण बंद करते. तीन रात्री निभावतात. चौथ्या रात्री सगळे झोपल्यावर ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हाताला येईल ते खाते, आणि सकाळी काटा अर्धा किलो वर दिसला की म्हणते, माझ्याच्यानं नाही व्हायचं. चालणंही सुटतं. खरं तर तो महिना तिला छान गेला होता. जिना चढताना दम लागणं कमी झालं होतं, झोप शांत लागत होती. नवऱ्याचा आकडा शेजारी नसता तर तिला ते दिसलं असतं.

तिचं चुकत काहीच नव्हतं. पुरुषाचं शरीर सहसा मोठं असतं, त्यात स्नायू जास्त असतात. त्यामुळे नुसतं बसून असतानाही त्याला ऊर्जा जास्त लागते. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींच्या अंगात पाणी धरून राहतं, ते काट्यावर वजन म्हणूनच दिसतं. पहिल्या आठवड्यात भराभर उतरणाऱ्या वजनातही पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीर ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतं आणि तिच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की ही साखर वापरली जाते, पाणी निघून जातं, आणि ‘सात दिवसांत तीन किलो’ असं सांगणारा भेटतो. थायरॉईडचा आजार असेल, स्टिरॉइड, इन्सुलिन किंवा मनाच्या आजारांवरची काही औषधं चालू असतील, तर गणित आणखी बदलतं. समोरच्याच्या आकड्यामागचं यातलं काही आपल्याला ठाऊक नसतं.

आणि हा फरक किती मोठा असू शकतो? १९९० मध्ये क्लोड बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या. १०० दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खायला दिल्या. कुणाचं वजन ४ किलोच्या आसपास वाढलं, कुणाचं १३ किलोंवर गेलं. जादा खाणं मात्र सगळ्यांचं तेवढंच. पण जुळ्या भावाभावांच्या वाढीत बरंच साम्य होतं. म्हणजे जन्मतः जे मिळतं त्याचा यात मोठा हात आहे. मग ‘ती एवढं खाते तरी बारीक, आणि मी?’ या प्रश्नावर स्वतःला बोल लावण्यात काय अर्थ आहे?

तुलनेचं माप बाहेरून येऊन बसलं की काय होतं, हे फिजीमध्ये फार लख्ख दिसलं. तिथे भरलेल्या अंगाचं कौतुक होतं. १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधिकेनं त्या वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. खाण्याविषयीचे विचार बिघडल्याचं दाखवणाऱ्या मुली सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, दुसऱ्या पाहणीत ११ टक्के होत्या. मला हे आकडे वाचताना फार वाईट वाटतं. कारण तीन वर्षांत तिथल्या मुलींची शरीरं बदलली नव्हती, बदलली होती ती शेजारी ठेवलेली चित्रं.

मग दुसऱ्याकडे बघायचंच नाही का? बघावं, पण कशाकडे ते ठरवून. सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मित्र धावले की आपणही जास्त धावतो, हे त्यात दिसलं. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कमी धावणाऱ्याचा परिणाम जास्त धावणाऱ्यावर होत होता. उलटं होत नव्हतं. म्हणून ग्रुपवर रोज कुणीतरी पंधरा हजार पावलं टाकतंय आणि ती बघून तुमचा पाय घरातच अडतोय, तर तो तुमचा आळस आहे असं समजू नका. आपल्याच वेगानं चालणारं कुणीतरी सोबत घ्या. आकड्यांची देवघेव नको, सोबत हवी.

आणि ध्येय आपलंच ठेवा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यांना सांगितलं होतं, आपल्या वजनाच्या ७ टक्के कमी करा आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करा. नुसता नेहमीचा सल्ला आणि औषध नसलेली गोळी मिळालेल्या गटापेक्षा त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. फोटो टाकावा असा हा बदल नव्हे. कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण स्वादुपिंडाला तो कळतो, रक्तदाबाला कळतो. काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी, ठरल्या वेळी उभं राहा, आणि ताडून बघायचंच तर आपल्याच मागच्या महिन्याशी बघा.

घरात वाढत्या वयाची मुलं असतील तर एक कळकळीची विनंती आहे. ‘ती बघ कशी सडपातळ, नाहीतर तू’ हे वाक्य, गमतीतसुद्धा, बोलू नका. मूल जेवण टाळतंय, लपून खातंय, जेवल्या जेवल्या न्हाणीघरात जाऊन बसतंय, मुलीची पाळी थांबलीय, असं काही दिसलं तर वजनाची चर्चा बाजूला ठेवा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. मोठ्यांनीही अशा खुणा स्वतःत दिसल्या तर वाट बघू नये.

नमस्कार.