मेलेल्या कारकुनाला पकडा, जिवंत किंवा मृत!

नमस्कार. पोलिसांना वरून हुकूम येतो: शहरात एक मेलेला माणूस हिंडतोय, त्याला पकडा. जिवंत किंवा मृत, कसाही पकडा, आणि बाकीच्यांना जरब बसेल अशी शिक्षा करा. मेलेल्या माणसाला!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो. मग आठवलं, हा मेलेला माणूस कोण आहे ते. साधा कारकून.

ही गोष्ट रशियन लेखक निकोलाय गोगोलनं लिहिलेली. नाव 'ओव्हरकोट', छापून आली १८४२ साली. गोगोलनं स्वतः ऐन विशीत सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी खात्यात खर्डेघाशी केली होती, म्हणून त्याचं ऑफिस इतकं खरं वाटतं.

या कारकुनाचं, अकाकी अकाकियेविचचं, काम एकच, कागदांच्या नकला करणं. रशियात झार पीटर द ग्रेटनं १७२२ साली सरकारी चाकरीच्या १४ पायऱ्या ठरवून दिल्या, त्यातल्या नवव्या पायरीवर हा कायमचा बसलेला. पगार वर्षाला ४०० रूबल. ऑफिसातली तरुण मंडळी त्याच्या डोक्यावर कागदाचे कपटे टाकतात आणि म्हणतात, बर्फ पडतोय. तो खाली मान घालून लिहीत राहतो, नकलेत एक चूक होऊ देत नाही. फारच अति झालं तर एवढंच म्हणतो, की सोडा ना मला, का छळता?

आणि त्याला हे काम मनापासून आवडतं, बरं का. काही अक्षरं तर त्याची लाडकी आहेत. ती आली की चेहरा उजळतो. घरी कागद नेऊन हौसेनं नकला करणारा माणूस आहे हा. मला त्याची सगळ्यात जास्त माया इथे वाटते.

तर त्याचा कोट विरतो. शिंपी म्हणतो, याला आता ठिगळसुद्धा धरणार नाही, नवाच शिवा.

(पडद्यावर: ८० रूबल)

म्हणजे वर्षाच्या पगाराचा पाचवा हिस्सा. निम्मे पैसे त्यानं वर्षानुवर्षं एका डब्यात साठवलेत. उरलेल्या ४० रूबलसाठी संध्याकाळचा चहा बंद. मेणबत्ती बंद, लागलीच तर घरमालकिणीच्या खोलीत जाऊन तिच्या उजेडात काम. रस्त्यानं चालायचं तेही चवड्यांवर, जपून, बुटाचे तळ झिजू नयेत म्हणून. पुढे भूत येतं, पण मला भीती वाटते ती या हिशेबाची. एक माणूस कोटासाठी स्वतःलाच थोडा थोडा वजा करत जातो.

कोट होतो. ज्या दिवशी अंगावर चढतो, त्याच रात्री चोर तो हिसकावून नेतात.

मग तो दाद मागायला एका बड्या साहेबांकडे जातो. गोगोल त्यांना नावच देत नाही, नुसतं 'महत्त्वाची व्यक्ती' म्हणतो. नुकतीच बढती मिळालेली. ती मिळण्याआधी आठवडाभर यांनी आरशासमोर उभं राहून दरडावण्याचा सराव केलाय! माणूस मुळात वाईट नाही. समोर जुना मित्र बसलाय, त्याला आपला दरारा दाखवायचा म्हणून ते या गरिबावर असे ओरडतात, की त्याचे पाय लटपटतात. तो तापानं फणफणतो. डॉक्टर घरमालकिणीला सांगतो, पाईनची शवपेटी सांगून ठेवा, ओकची याला परवडायची नाही.

ऑफिसला पत्ता लागतो तो शिपाई बोलवायला येतो तेव्हा. तोवर पुरून चार दिवस झालेले असतात. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर नवा कारकून.

प्रागच्या अपघात विमा संस्थेत १९०८ ते १९२२ नोकरी केलेल्या लेखक फ्रान्झ काफ्काचीही अशीच एक गोष्ट आहे, १९१५ सालची. त्यातला फिरता विक्रेता सकाळी उठतो तर त्याचा किडा झालेला. आणि त्याला चिंता कसली, तर पाचची गाडी चुकली! त्याला अजून पलंगावरून उतरता येत नाही, तोवर ऑफिसचा माणूस दारात हजर.

आपल्याकडे म्हणतात, वासना अडकली की माणूस सुटत नाही. अकाकीची कोटात अडकली. पुलाजवळ रात्री त्याचं भूत फिरतं आणि हुद्दा न बघता ज्याच्या त्याच्या अंगावरचा कोट ओढतं. एकदा तिघे पहारेकरी त्याला पकडतातही. पण एकजण तपकीर काढतो, भुताला ती सोसत नाही, आणि ते असं शिंकतं, की तिघांचे डोळे भरतात. पुसेपर्यंत भूत पसार!

शेवटी ते त्याच साहेबांना गाठतं. साहेब स्वतःहून कोट काढून फेकतात. तो त्याला मापात बसला असावा, कारण त्यानंतर भूत पुन्हा दिसलं नाही. साहेबही मग हाताखालच्यांवर क्वचितच ओरडले. ओरडलेच तर आधी समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेऊन.