पडद्यावरची टक्केवारी

[दृश्य: टेबलावर पालथी पडलेली दोन पानं. एक हात त्यांचे कोपरे जरासे उचलून बघतो.]

पोकरचा सामना टीव्हीवर लागला की प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी त्याच्या जिंकण्याच्या शक्यतेची टक्केवारी दिसते. नवं पान उघडलं की आकडे बदलतात. हे जमू लागलं, कारण टेबलातले छोटे कॅमेरे झाकलेली पानं आपल्याला दाखवू लागले. या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये हेन्री ओरेनस्टाइन यांना मिळालं. जन्म पोलंडचा, नाझी छळछावण्यांतून वाचलेला माणूस, अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात नाव कमावलेला. पोकरचं वेडही तितकंच. कॅमेरा येण्याआधी प्रेक्षकाला पानंच दिसत नसत, त्यामुळे नुसते चेहरे बघत बसावं लागे.

टेबलावर बसलेल्याला मात्र ही टक्केवारी कुणी दाखवत नाही. त्याला ती स्वतः मोजावी लागते, तीही समोरची पानं न पाहता.

मोजणी मुळात नियमांतच आहे. गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळलेल्या माणसाला पोकर शिकताना एक गोष्ट हमखास खटकते. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीतली पानं) कलरला (एकाच चिन्हाची पानं) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. असं का? ५२ पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. पाच पानं येण्याचे प्रकार २५,९८,९६०. त्यांत कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. जे दुर्मीळ, ते वरचढ. दोन पानं वाढली आणि क्रम उलटला. पत्त्यांच्या खेळात इतकं देखणं गणित मला दुसरं दिसलेलं नाही.

[दृश्य: टेबलाच्या मधोमध चार पानं उघडी.]

आता एक डाव बघू. खेळ टेक्सस होल्डेम. प्रत्येकाकडे दोन झाकलेली पानं आणि मधली पाच पानं सगळ्यांची. आपल्याकडे बदामाचा एक्का आणि बदामाची नव्वी. मध्ये बदामाचा राजा, बदामाची चौकी, किलवरचा गुलाम आणि चौकटची दुर्री. एकच पान उघडायचं राहिलंय. ते बदाम आलं तर आपला कलर.

आपण सहा पानं पाहिली, ४६ उरली. त्यांत ९ बदाम. म्हणजे सुमारे १९.६ टक्के.

नुसत्या या आकड्यावर निर्णय होत नाही. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ४०० चिप्स होत्या, समोरच्याने १०० लावल्या. आपण १०० घालून ५०० जिंकू शकतो. पुढे आणखी बेट, म्हणजे चिप्स लावणं, होणार नाही असं धरू. ही वेळ ४६ दा आली, तर सरासरी ९ वेळा ५०० मिळतील, ३७ वेळा १०० जातील. ४,५०० आले, ३,७०० गेले. तेव्हा खेळावं. पॉटमध्ये आधी २०० च असत्या, तर २,७०० येऊन ३,७०० गेले असते. पानं तीच, शक्यता तीच, पण तिथे पॅक करणं, म्हणजे डाव सोडणं, शहाणपणाचं. (हे शिकायला पैसे लावायची गरज नाही, चिप्स पुरतात. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदीही आणली आहे.)

पण सगळे ९ बदाम आपल्या कामाचे आहेत का? समोर राजांची जोडी असेल, तर मधल्या राजासह त्याचे तीन राजे झालेत. मग बदामाचा गुलाम किंवा दुर्री आली, तर आपला कलर होतो आणि त्याचं फुल हाउस (तीन राजे आणि एक जोडी), जे कलरला मारतं. कामाचे बदाम ७ च उरतात, आणि समोरची दोन पानंही वजा केली की तेही ४४ पानांत. पडद्यावर अशा वेळी १६ टक्के दिसतील, आणि त्या हिशेबाने ही बेट तोट्याची ठरते.

मुरलेला खेळाडू इथेच थांबत नाही, समोरच्याकडची पानंही तो मोजतो. आधीच्या बेटवरून समोर दोनच शक्यता उरल्यात असं धरू, राजांची जोडी किंवा एक्का-राजा. उरलेल्या तीन राजांतून जोडी ३ प्रकारे बनते. तीन एक्के आणि तीन राजे यांतून एक्का-राजा ९ प्रकारे. म्हणजे बारांपैकी नऊ वेळा सगळे बदाम आपलेच, तीन वेळा फक्त ७. सरासरी साडेआठ पानं, ४४ मध्ये. १९ टक्क्यांच्या थोडं वर. ५०० जिंकायला १०० घालायच्या, तर १६.७ टक्के पुरतात. चिप्स पुढे सरकवायला हरकत नाही.