जिन्यातल्या दिव्याखालचा पाहुणा

नमस्कार श्रोतेहो.

परवा रात्री पाऊस उघडला आणि आमच्या चाळीच्या जिन्यात, ट्यूबलाइटखाली टप्पकन काहीतरी पडलं. इंचभर लांबीचा हिरवट काळा भुंगा, कडेला पिवळी किनार. फरशीवर त्याला धड चालता येईना. बादलीत सोडला मात्र, सुळकन तळाला गेला!

हा पाणभुंगा. डायटिसिडी कुळातला, पक्का शिकारी. ओळख सोपी आहे. पोहताना तो मागचे दोन्ही पाय एकदम मारतो, होडीच्या वल्ह्यांसारखे. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक पाणकिडा आहे, तो पाय आळीपाळीने हलवतो. आणखी एक खूण म्हणजे हा हवा घ्यायला वर येतो तो शेपटीकडून. टणक पंखांखाली हवा भरून घेतो आणि ती शिदोरी घेऊन पुन्हा बुडी मारतो. त्याची अळी तर भलतीच खादाड. विळ्यासारख्या पोकळ जबड्यांतून भक्ष्यात पाचक रस सोडते आणि आतलं सगळं शोषून घेते. डासांच्या अळ्याही तिच्या तावडीतून सुटत नाहीत.

जगात या कुळाच्या ४,००० हून अधिक जाती माहीत आहेत. तरी एखादी जात अमुक जिल्ह्यात पहिल्यांदाच सापडली, अशा नोंदी अजून प्रसिद्ध होतात. त्याचा अर्थ भुंगा काल तिथे आला असा नव्हे. बहुधा तो पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असतो, त्या डबक्यात जाळी कुणी घातलेली नसते. भारतात टी. जी. वझिरानी यांनी या कुळावर वर्षानुवर्षं काम केलं, पण एवढ्या मोठ्या देशातल्या तळ्यांना एक माणूस कसा पुरा पडणार?

म्हणून ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी मला भुंग्याइतकीच मोलाची वाटते. ती नसली तर संग्रहातला भुंगा नुसता शोभेचा. फोटोवरून जात दरवेळी ठरत नाही, कित्येकदा नराच्या जननेंद्रियाचा आकार तपासावा लागतो. पण कुठे शोधायचं, हे तुमच्या नोंदीवरून नक्की कळतं.

आणि मुंबईत जागांना काय तोटा? कान्हेरीच्या पोढी, म्हणजे कातळात कोरलेली पाण्याची टाकी, विहार-तुळशी तलावांचे काठ, आरेतली पावसाळी डबकी. ओल्या गाडीच्या टपावरही हे भुंगे उतरतात, कारण टपावरून परावर्तित होणारा उजेड त्यांना पाण्यासारखा भासतो.

परवाच्या भुंग्याचे मी वरून आणि पोटाकडून फोटो काढले. वहीत लिहिलं: जिना, रात्रीचे पावणेदहा, पाऊस नुकताच उघडलेला. मग बादलीत एक काठी तिरकी टेकवून ठेवली. सकाळी बादली रिकामी होती.