शेकडा तीन म्हणजे किती?

(२२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनाच्या निमित्ताने, चाळीसगाव तालुक्यातल्या एका वाचनालयात पालक आणि शिक्षकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. डिसेंबरातली संध्याकाळ, शेतात तुऱ्हाट्यांवर वांगी भाजायचे दिवस, आणि तुम्ही भरीत सोडून गणित ऐकायला आलात. मी तुमच्या जागी असतो तर आलो नसतो.

एका विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. सातवीत होता. सरळव्याजाच्या धड्यावर मी चाचणी घेतली, त्यात त्याला पैकीच्या पैकी गुण. त्याच सुमारास त्याच्या वडिलांनी बियाणं-खतासाठी गावातल्याच एकाकडून पन्नास हजार उचलले, शेकडा तीनने. पोरगा मला म्हणाला, "सर, बरं झालं, तीनच टक्के. बँकेपेक्षा स्वस्त." मी त्याच्याकडे बघत राहिलो. 'द.सा.द.शे.' म्हणजे काय, हे त्याने उत्तरपत्रिकेत सुंदर अक्षरात लिहिलं होतं: दरसाल दरशेकडा. गावात मात्र शेकडा तीन म्हटलं की ते दरमहा असतं, ते कोणी बोलून दाखवत नाही. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. पन्नास हजारांवर अठरा हजार. सूत्र त्याला येत होतं. दर म्हणजे दोन गोष्टींमधला संबंध असतो आणि त्यात काळही गुंतलेला असतो, हे मात्र त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. चूक त्याची नव्हे, शिकवणारा मी होतो.

चौथीपर्यंत मूल मोजतं. गोट्या, रुपये, केळीच्या फण्या. पाचवीपासून आठवीपर्यंत आपण त्याला जे शिकवतो ते वेगळंच असतं. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा, समप्रमाण-व्यस्तप्रमाण, आठवीतलं चलन, म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते. धड्यांची नावं निरनिराळी, वस्तू एकच: एक राशी दुसरीच्या किती पट आहे. मुलाला मात्र कोणी सांगत नाही की आता खेळ बदलला. ते बिचारं बेरीजच करत राहतं.

वर्गात एकदा विचारलं होतं. कळण्याच्या भाकरीला आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद लागतो. पाहुणे आले, ज्वारी सहा वाट्या घेतली, तर उडीद किती? निम्म्या वर्गाने हात वर केला: तीन वाट्या! ज्वारी दोनने वाढली, म्हणून उडीदही दोनने वाढवला. हे मी घरी सांगितलं तर माझी आई डोक्याला हात लावून म्हणाली, "काय शिकाडस रे तू त्या पोऱ्हेसले?" तिला लिहिता येत नव्हतं. पण सहाला दीड, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. तीन वाट्या उडीद घातलेली भाकरी तव्यावरून उचलायची म्हटली तर काय होतं, ते तिला विचारा.

जुन्या माणसांकडे आणखी एक गोष्ट होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. इथे साठीच्या पुढची मंडळी आहेत, त्यांनी हे सूर लावून म्हटलं असेल. साता पाऊणे सव्वापाच, साता दीडे साडेदहा. अपूर्णांकांचे पाढे म्हणजे काय असतात, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. मी काही ते परत आणा असं म्हणत नाही. पाठांतराच्या छड्या मीही खाल्ल्यात. पण त्या पिढीला पाऊण हा एक आकडा वाटायचा, सातसारखाच. आजच्या मुलाला तीन छेद चार म्हणजे रेघेने वेगळे केलेले दोन आकडे दिसतात. म्हणून ते एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं करतं, वरचे वर आणि खालचे खाली. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, हे त्याला खटकतही नाही. माझी खरी काळजी या न खटकण्याची आहे.

आता आपल्या तालुक्यातल्या पाटणाबद्दल थोडं. पाटणादेवीला आपण सगळेच जातो, नवस फेडतो, पावसाळ्यात धबधबा बघतो. तिथल्या शिलालेखाकडे किती जण थांबतात? शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा तो लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य, त्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत. त्यांत पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा वाटा मठाला दिल्याचं लिहिलंय. गणिताच्या शाळेचा खर्च बाजारपेठेतून! भास्कराचार्य इथले की विजापूरकडचे, या वादात मी पडत नाही. ते ज्यांचे त्यांनी भांडावं.

१११४ साली जन्मलेल्या या माणसाने ११५०च्या सुमारास 'लीलावती' हा अंकगणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात त्रैराशिक आहे, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढायची रीत: प्रमाण, फल आणि इच्छा. किती मालाला किती दाम, हे ठाऊक आहे. आता मला हवाय तेवढ्या मालाला किती? ही 'इच्छा' मला फार आवडते. अज्ञात राशी काढायची तर आधी काहीतरी हवं असावं लागतं. आणि उलट प्रमाण असेल तर रीत उलटी करायची, हेही तिथेच सांगितलेलं आहे. आज आपण तेच एकमान पद्धतीने शिकवतो. रीत चांगलीच आहे. पण ती लावण्याआधी हे समप्रमाण आहे की व्यस्त, की दोन्ही नाही, हे कोण ठरवणार?

याचा एक किस्सा. मी फळ्यावर लिहिलं: पाच बाया एका शेतातला कापूस आठ दिवसांत वेचतात, दहा बाया किती दिवसांत वेचतील? हुशार म्हणवणाऱ्या दोघा-तिघांनी सोळा सांगितलं. माणसं दुप्पट, म्हणून दिवस दुप्पट. ज्या मुली दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर वेचणीला जातात त्या हसल्या आणि म्हणाल्या, चार. मी खूश झालो. तेवढ्यात त्यांतलीच एक उठली. "सर, पहिली वेचणी का तिसरी?" तिसऱ्या वेचणीला बोंडं विरळ, त्याच रानात चालणं जास्त आणि हाताला कापूस कमी. त्या मुलीला वार्षिक परीक्षेत बेताचेच गुण पडले. पण 'सर्वांचा कामाचा वेग सारखा मानू' हे गणितातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारं वाक्य तिने एकटीने पकडलं होतं. तिला मी त्या वेळी नीट उत्तर दिलं नाही. तास संपत आला होता.

सहावीतल्या ऋण संख्यांबद्दल एवढंच सांगतो की तो शब्दच कर्जाचा आहे. ऋण वजा केलं की धन होतं, हे मुलांना पटत नाही. मी विचारतो, कर्जमाफी झाली तर बाप गरीब झाला की श्रीमंत? वर्ग हसतो आणि पुढे जातो. बीजगणितात मात्र आपण फार घाई करतो. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं फेकलं. का बदलतं, ते तराजूच्या दोन पारड्यांतून सारखंच काढून दाखवायला दोन तास लागतात, म्हणून टाळलं. भास्कराचार्य अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक म्हणायचे आणि लिहिताना या, का, नी. पोरांना हे सांगितलं की क्षची भीती जरा कमी होते.

क्षेत्रफळाचं बघा. केळी लावणाऱ्या घरातली मुलं वर्गात होती. एकरात फूट किती? त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट. पाच बाय पाचवर खोडं लावली तर एकरी सतराशे बेचाळीस. पाच बाय सहा केली तर? मुलं म्हणाली, एक फुटाने काय फरक पडणार? भागाकार केला, चौदाशे बावन्न आली. दोनशे नव्वद खोडं कमी! एक मुलगा मागून म्हणाला, "पण घड मोठे येतील ना." म्हणजे हिशेब पुन्हा मांडायचा. तो तास घंटेनंतरही चालला आणि पुढच्या तासाचे भाषेचे सर दारात उभे राहिले.

तो सातवीतला मुलगा पुढच्या वर्षी आठवीत गेला. चक्रवाढ व्याजाचा धडा झाला आणि त्या संध्याकाळी तो वडिलांना घेऊन माझ्या ओट्यावर आला. बरोबर वही. दरम्यान थकलेलं व्याज दर महिन्याला मुदलात मिळवलं जात होतं. त्याने बारा ओळी मांडल्या होत्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या एक पूर्णांक तीन शतांश पट. शेवटची ओळ होती एकाहत्तर हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. अठरा हजार नव्हे, एकवीस हजारांवर व्याज. वडिलांनी बोटाने एकेक ओळ खाली वाचत नेली. मग मला विचारलं, "मास्तर, हे मागच्या वर्षीच्या पुस्तकात नव्हतं का?"